कवटीवाला पतंग घरात शिरलाय, ओरडतोय!

कुळागरकरीण (वाळपई): काल रात्री पावसात बल्कांवच्या (ओसरीच्या) दिव्यावर हा आला. पाठीवर पिवळट कवटी, पंजाएवढा मोठा. केरसुणीने हलकेच सरकवला तर उंदरासारखा चीं चीं! सासूबाई म्हणतात, अपशकुन, दिवा मालव. चावतो का हो?

रानभुली: चावणार कशाने, जबडा कुठाय? हा अ‍ॅकेरोन्शिया वंशातला, स्फिंजिडी म्हणजे हॉक मॉथ पतंगांच्या कुळातला. या वंशात जाती तीनच. अ‍ॅट्रोपॉस युरोप-आफ्रिकेकडचा, आपल्याकडे स्टिक्स आणि लॅकेसिस. मागचा पंख बघा: बुडाशी काळा डाग असेल तर लॅकेसिस.

कुळागरकरीण: आहे, काळाकुट्ट! बोटांना पिठासारखे खवलेही लागले. पण जबडा नाही तर आवाज कुठून?

सोंडवाला: सोंडेतून. आखूड, जाड असते. घशाचा भाता करून हवा आत ओढतो, बाहेर फुंकतो. बाजाच्या पेटीसारखंच म्हणा ना. त्याच सोंडेने पोळ्यात शिरून मध चोरतो.

रानभुली: वांग्यावर शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी दिसली तर मारू नका, ह्याचीच असेल.

कुळागरकरीण: अगंबाई, गेल्या महिन्यात तीन फेकल्या की! सासूबाईंना मधाचं सांगितलं. आता त्यांना अपशकुनाचं काही नाही, माडावरच्या पोळ्याची काळजी लागलीय.