फर्न-ससानचं नाणं ससानी नाही

वर कुणीतरी लिहिलंय की मागच्या बाजूला अग्निवेदी (पवित्र अग्नीची वेदी) दिसली म्हणजे नाणं ससानीच, म्हणजे प्राचीन इराणच्या ससानी घराण्याचंच, तर तसं नाही हो. फर्न-ससान हा सकस्तानातला, म्हणजे आजच्या सिस्तानातला, शेवटच्या इंडो-पार्थियन (पार्थियन वंशाच्या, इराणच्या पूर्वेला आणि वायव्य भारतात राज्य केलेल्या घराण्याच्या) राजांपैकी एक, इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तो आपल्याला फक्त नाण्यांवरूनच माहितीये! त्याच्या चांदीच्या द्रम्मावर (त्या काळच्या छोट्या नाण्यावर) पूर्ण वंशावळच आहे, अदुर-ससानचा मुलगा, तिरिदातचा नातू, सनबर राजाधिराजाचा पणतू. एवढ्याशा चकतीवर चार पिढ्या, मला तर हे फारच भारी वाटतं. पुढे ससानी घराण्याचा संस्थापक अर्दशीर पहिला याने हा प्रदेश घेतला. त्यामुळे नाणं ओळखताना वेदीवर थांबू नका, लेख नीट वाचा, आणि गांधारातली (आजच्या पेशावरच्या आसपासची) आधीचा इंडो-पार्थियन राजा गोंडोफरेसची हिणकस चांदीची नाणी यात मिसळू नका.