व्हॅनचं एअर-कूल्ड इंजिन: 87 एमएमचा पिस्टन-सिलेंडर सेट टाकू नका

काळीमाती, दारव्हा
घरी 1972 ची फोक्सवॅगन व्हॅन आहे, 1600 ड्युअल पोर्ट. तेल प्यायला लागली म्हणून इंजिन उतरवलंय. गॅरेजवाला आणि पुण्याचा मेहुणा, दोघांचं एकच पालुपद: "खोललंच आहे तर 87 चा सेट टाका, केस (इंजिनाचं बाहेरचं कवच) कापावी लागत नाही." मला हे पटत नाही. 85.5 चा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि 69 चा स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरला तर 1584 सीसी होतात. 87 ने 1641. म्हणजे वाढले 57 सीसी, शंभराला साडेतीन.

गेलं काय ते पाहा. केसमधलं भोक तेवढंच, म्हणून बोअर वाढला तो सगळा सिलेंडरची भिंत खाऊन. पातळ भिंत तापली की सिलेंडर गोल राहत नाही, रिंगा धरत नाहीत आणि तेलाचा धूर पुन्हा सुरू. वर हेडला (सिलेंडरच्या झाकणाला) टेकणारी कडाही बारीक होते, तिथून कॉम्प्रेशन गळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्यात व्हॅनमध्ये अख्खं वऱ्हाड कोंबलेलं. स्टँडर्ड 85.5 चा नवा सेट घ्यावा आणि गप्प बसावं, असं माझं मत.

हिंगणघाटकर
दादा, दोष पिस्टनवर ढकलून मोकळे होऊ नका. ही इंजिनं मरतात ती पंख्याची हवा वळवणाऱ्या पत्र्यांमुळे. इंजिनाच्या कडेची रबरी पट्टी तुटली की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. रंगारी, वेल्डर, सगळ्यांनी मिळून निम्मे पत्रे काढून टाकलेले असतात. पत्रे पुरे, पट्टी नवी, ठिणगीचं टायमिंग बरोबर असेल तर 87 मजेत चालतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ते 57 सीसी कळतात बरं का.

काळीमाती
पत्र्यांचं शंभर टक्के मान्य. आमच्या व्हॅनला पट्टी नावालाही नव्हती. पण सगळं ठीक असेल तरच टिकणारा भाग मी का घालू? उद्या पत्र्याचा एक स्क्रू पडला, तर जाड भिंत थोडं तरी सोसेल. घाटात दुसऱ्या गिअरने जाईन, घाई कोणाला आहे?

वऱ्हाडी_नट, अकोट
काहून भाऊ, नवा सेट नवा सेट करून राह्यले? जुने सिलेंडर घ्या, अकोल्याले जा, अर्धा एमएम बोअर मारा आन् 86 चे पिस्टन टाका. कंपनीच 86 आन् 86.5 चे ओव्हरसाइज देत होती. चांगलं बिडाचं लोखंड फेकून कस्टमवाल्याची धन कायले करता?

काळीमाती
86 चे पिस्टन अकोल्यात मिळतात का? तेही बाहेरूनच येणार, मग कस्टम वाचलं कुठे? दुसरं, हे सिलेंडर सुटे असतात, चार वेगवेगळे. लेथवाल्याने बाहेरच्या पंखांवरून चकमध्ये (लेथच्या पकडीत) आवळला की तो किंचित दबतो. दबलेल्यात बोअर गोल निघतो, चक सोडला की लंबगोल. दोन्ही टोकांनी धरायचा फिक्स्चर असला तरच ते काम करावं.

वऱ्हाडी_नट, अकोट
आमचा लेथवाला बुलेटचे ब्लॉक रोज करते. तेही पंखवालेच हायेत. तुमाले इथल्या माणसावर भरोसाच नाही, हे खरं दुखणं.

काळीमाती
बुलेटला एकच सिलेंडर. इथे चारही सारखे यायला हवेत. माणसावर नाही, चकवर भरोसा नाही.

इतवारी_स्पेअर्स, नागपूर
दोघंही अर्धवट भांडताय. ताकद हवी तर 90.5 टाका, 1776 सीसी. त्यात भिंतही पुन्हा जाड.

हिंगणघाटकर
आणि केस आणि दोन्ही हेड मोठ्या भोकाची करायची ते? मॅग्नेशियमची केस आहे ती. मशीनवर एकदा चुकली की दुसरी काय यवतमाळच्या बाजारात मिळणार? एवढ्यावर मी काळीमातीच्या बाजूने. 87 वर मात्र नाही.

सराफ_कट्टा, पुसद
सेट कुठलाही आणा, चारही पिस्टन सराफाच्या काट्यावर तोला. आमच्या दुकानात या, चहा आमचा. हलक्या-भारीत 10 ग्रॅमच्या वर फरक नको. भारी निघाला तर आतल्या बाजूने खरवडतात, डोक्यावरून नाही. रिंग नुसती सिलेंडरमध्ये ठेवा, पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि तोंडातली फट फीलरने (मापाच्या पत्तीने) मोजा. वरच्या रिंगला 0.30 ते 0.45 एमएम. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. आता पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, त्याने जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं आणि हेड जास्त तापतं. मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची मुख्य तोटी) एक नंबर मोठा करून पाहा. यावर कोणी बोललंच नाही.

काळीमाती
जेटचं डोक्यात नव्हतं, बघतो. 85.5 चा सेट सांगून ठेवलाय.

वऱ्हाडी_नट, अकोट
मंग जुने सिलेंडर भंगारात नका देऊ. मी येतो घ्यायले.