कॅनडाच्या गोष्टी आमच्या वाचनालयात वाचतेय – पुढे काय घेऊ?

पूर्णाकाठची

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात राहते. इंग्रजी घेऊन एम.ए. बाहेरून केलं, त्याला बरीच वर्षं झाली. गावच्या सार्वजनिक वाचनालयाची चावी माझ्याकडे असते, संध्याकाळी सहा ते आठ उघडते. दर गुरुवारी पाच-सहा बाया येतात आणि मी एखादी गोष्ट वाचून दाखवते. कधी इंग्रजीतली घेतली तर ती तोंडीच आपल्या बोलीत सांगते.

आमच्या गावाला कॅनडा ठाऊक आहे तो पिवळ्या वाटाण्यामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने त्याच्यावरचं आयातशुल्क काढलं, तेव्हापासून तुरीचा भाव पडला की पारावर कॅनडाचं नाव निघतंच. माझ्या सासऱ्यांना 'सास्काचेवान' हे तिथल्या प्रांताचं नाव नीट म्हणता येतं, कारण मसूर-वाटाण्याच्या बातम्यांत ते त्यांनी कितीदा ऐकलंय.

त्याच सास्काचेवानात जन्मलेल्या सिंक्लेअर रॉसची 'द लॅम्प ॲट नून' ही १९३८ सालची गोष्ट मागच्या गुरुवारी घेतली. दुष्काळाची वर्षं, गव्हाचा उघडा मुलूख, तीन दिवसांपासून वादळ. धूळ एवढी की भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. घरात नवरा, बायको आणि तान्हं लेकरू. मी एवढंच सांगितलं तर एक काकू म्हणाल्या, "भर दुपारी दिवा? मंग लेकराच्या नाकातोंडात किती धूय जात असन व माय!" गोष्टीतल्या आईनेही पाळण्यावर मलमलीचं कापड तंबूसारखं ताणलेलं असतं. काकूंनी ते न वाचताच ओळखलं.

पुढे दोघांचं भांडण होतं. ती म्हणते, सारखा गहू आणि गहूच पेरून, नांगरून नांगरून तू जमिनीत एक मूळ शिल्लक ठेवलं नाहीस, आता ती उडणारच. आपण शहरात जाऊ. तो म्हणतो, जमीन आपली आहे, साल फिरेल. मी "औंदा नाई झालं त…" एवढं म्हणून श्वास घेतला, तर बसलेल्या तिघींनी एकदम वाक्य पुरं केलं, "…पुढच्या साली होईन." आमच्याकडे कपाशीमागे कपाशी, मग सोयाबीनमागे सोयाबीन, आणि दरवर्षी हेच वाक्य.

शेवट इथे सांगत नाही, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी वाचावा. गोष्ट संपली तरी कुणी उठलं नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरात काय घडलं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

आता माझा प्रश्न. एम.ए.ला असताना आमच्या एका सरांनी सांगितलं होतं की कॅनडाच्या साहित्याला स्वतःची ओळखच नाही, अर्धं इंग्लंडचं आणि अर्धं अमेरिकेचं. गाईडमध्ये चार शब्द होते: बर्फ, एकटेपणा, तग धरणं, बहुसंस्कृती. मी तेच पेपरात लिहिलं, मार्कही मिळाले. पण त्या खोलीत रॉस वऱ्हाडीत सांगताना मला तो पहिल्यांदा कळला, आणि तेव्हापासून त्या चार शब्दांवर माझा विश्वास राहिलेला नाही. तिकडे इंग्रजी बोलणारे आहेत, फ्रेंच आहेत, मूळचे आदिवासी आहेत, बाहेरून आलेले आहेत. या सगळ्यांच्या लिहिण्यात खरंच काही एक धागा आहे का? आणि गुरुवारी पुढे काय घेऊ? बोलीत सांगता येईल असं हवं.

निवृत्त मास्तर, हिंगणघाट

ताई, फार बरं वाटलं वाचून. तुमच्या सरांनी सांगितलं ते तेव्हा पुष्कळ लोक म्हणत. खुद्द कॅनडावालेही म्हणत.

नॉर्थ्रप फ्राय नावाचे मोठे समीक्षक तिथे होऊन गेले. १९६५ साली त्यांनी लिहिलं की कॅनडाच्या माणसाला "मी कोण" यापेक्षा "इथे म्हणजे कुठे" हा प्रश्न जास्त छळतो. एवढा अफाट निर्जन मुलूख, त्यात लहानलहान वस्त्या, भोवती तटबंदी, आणि आतल्या माणसांचं मनही त्या तटबंदीसारखंच झालेलं. आपल्याकडे गावोगाव पडक्या गढ्या आहेत, तेव्हा गढीत कोंडलेलं मन म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुढे १९७२ मध्ये मार्गारेट ॲटवुड यांनी 'सर्व्हायव्हल' हे पुस्तक लिहिलं. तग धरणं हेच आपल्या साहित्याचं मुख्य चिन्ह, असं त्यात मांडलं. तुमच्या गाईडातला तो शब्द तिथूनच आलाय. पुस्तक जिवंत आहे हो, गाईडने त्याचा भुसा केला.

इंग्रजी-फ्रेंच दुराव्याबद्दल ह्यू मॅक्लेनन यांची 'टू सॉलिट्यूड्स' ही १९४५ सालची कादंबरी. ते शीर्षक तर तिथे वाक्प्रचारच होऊन बसलं. एका देशात दोन एकाकी मुलूख, शेजारी राहून एकमेकांना न कळलेले.

आणि तुमच्या बायांनी पुरं केलेल्या वाक्याबद्दल एक गोष्ट. सास्काचेवानच्या त्या गव्हाच्या मुलखाला तिथले लोकच 'पुढच्या सालाचा मुलूख' म्हणत आलेत. वाचता वाचता हात थांबला माझा.

पुढच्या गुरुवारी ॲलिस मन्रो घ्या. २०१३ चं नोबेल, जन्म ओंटारिओतल्या विंगम या लहान गावचा, वडील कोल्हे पाळायचे, कातड्यासाठी. आयुष्यभर मुख्यतः कथाच लिहिल्या आणि त्यातल्या कितीतरी त्याच गावाभोवतीच्या. 'बॉइज अँड गर्ल्स' नावाची त्यांची गोष्ट पहिल्या संग्रहात आहे, १९६८ चा. मुलगी बापासोबत कोल्ह्यांना पाणी पाजते, गवत ओढते, तिला वाटतं आपण बापाचा उजवा हात. कोल्ह्यांना खायला घालायला म्हातारे घोडे मारत. एक घोडी सुटते, बाप ओरडतो, फाटक लाव. पोरगी धावत फाटकापाशी पोचते आणि ते सताड उघडते. का, ते तिलाही सांगता येत नाही. जेवताना भाऊ चुगली करतो, आणि बाप रागावत नाही. एवढंच म्हणतो की ती पोरगीच आहे. ते न रागावणं काय असतं, हे तुमच्या गुरुवारच्या बायांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

झाडीचा माणूस

मी वडसा भागातला. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमची झाडीपट्टीची नाटकं चालतात, रात्रभर. म्हणून भाषेचंच बोलतो.

मिशेल त्रांब्ले या लेखकाचं 'ले बेल-सर' हे नाटक १९६८ साली मॉन्ट्रियलला झालं. कामगारवस्तीतलं एक स्वयंपाकघर. घरच्या बाईला दहा लाख कुपनं बक्षीस लागलीत, ती वह्यांत चिकटवायला शेजारपाजारच्या, नात्यातल्या बाया जमल्यात. रंगमंचावर पंधरा बाया, पुरुष एकही नाही. चिकटवता चिकटवता एकमेकींची उणीदुणी निघतात आणि कुपनं हळूच पदराआड जातात. (पदर माझा. गोष्ट त्यांची.) आणि त्या बोलतात 'जुआल', म्हणजे मॉन्ट्रियलच्या वस्तीतली फ्रेंच. पॅरिसच्या फ्रेंचला मान देणाऱ्या लोकांना फार लागलं ते. रंगभूमीवर ही भाषा?

हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय. एका मोठ्या शहरात प्रयोगाला गेलो होतो, तिथे एका माणसाने मला विचारलं, "भाषा जरा नीट करता येईल का?" नीट म्हणजे कोणाची? मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. आता आहे. ते नाटक पुढे स्कॉटलंडच्या बोलीतही गेलं, तिथल्या बायांच्या तोंडी चपखल बसलं. पॅरिसच्या भाषेत असतं तर बसलं असतं असं मला वाटत नाही.

ताई, तुम्ही वऱ्हाडीत सांगता ते अजिबात सोडू नका. तुमच्या वऱ्हाडीत तर उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० लाच आली होती, म्हणजे या नाटकाच्या आठ वर्षं आधी. तिच्यातली कौतिक मराठी वाचकांना कळली ती त्या बोलीसकट.

भामरागडकडचा शिक्षक

मास्तरांबद्दल आदर ठेवून सांगतो, "इथे म्हणजे कुठे" हा प्रश्न नंतर आलेल्यांचा आहे. जे आधीपासून तिथे होते त्यांना 'इथे' कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. त्यांचं ते हिसकावलं गेलं.

आदिवासी मुलांसाठी सरकारने आणि चर्चने तिथे निवासी शाळा चालवल्या, शंभरहून जास्त वर्षं. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. आपली भाषा बोललं तर मार. किती मुलं घरी परतलीच नाहीत. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. रिचर्ड वागमीझ या ओजिब्वे आदिवासी लेखकाची 'इंडियन हॉर्स' ही २०१२ ची कादंबरी अशाच एका शाळेतल्या पोराची आहे. त्याला बर्फावरची हॉकी सापडते आणि काही वर्षं तो तिच्या आधारावर उभा राहतो. मी ती दोन रात्रींत वाचली. तिसऱ्या रात्री झोप आली नाही.

कारण मी आश्रमशाळेवर आहे. पहिलीतली मुलं माडिया बोलत येतात. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी त्यांना "मराठीत बोल" म्हणून गप्प करायचो, प्रेमानेच, पण गप्प करायचो. इथली आणि तिथली गोष्ट एक नाही. आमच्याकडे मुलांना कुणी घरातून ओढून आणत नाही, आईबाप सुट्टीत नेतात. तरी एक मुलगी सबंध पहिलं सत्र बोललीच नाही, आणि मी वहीत 'मंद' असं लिहिलं होतं. नंतर माझ्या टेबलावर बसलेल्या मुंगीला तिने माडियात नाव घेऊन हाक मारली. आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर दोन्ही शब्द असतात.

गाब्रिएल रॉय या लेखिकेबद्दलही सांगायचं होतं. कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांतातल्या सें-बोनिफासच्या, घरी फ्रेंच. १९१६ च्या कायद्याने तिथे शाळेत फ्रेंचमधून शिकवणं बंद झालं. तपासनीस आला की मुलं फ्रेंच पुस्तकं लपवायची, इंग्रजी वर काढायची. ताई, तुम्ही धागा विचारलात म्हणून हे. मला तरी धागा दिसतो तो इथे, कुठल्या भाषेत तोंड उघडायचं याच्या भीतीत. बर्फात नाही.

अचलपूरची आई

मी फारशी वाचणारी नाही, पण माझा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे म्हणून लिहिते. त्यानेच रोहिंटन मिस्त्रींचं पुस्तक आणून दिलं. हे मुंबईचे पारशी, १९७५ ला कॅनडात गेले आणि तिथे बसून मुंबईचं लिहिलं. 'स्विमिंग लेसन्स' म्हणून एक गोष्ट आहे. मुलगा टोरंटोला, आईबाप मुंबईत. त्याच्या पत्रांत काहीच नसतं, बरा आहे, थंडी आहे, एवढंच. मग एक दिवस त्याने लिहिलेल्या गोष्टींचं पार्सल येतं, आणि आईबापाला त्यातून मुलगा समजायला लागतो.

माझ्या मुलाचाही फोन तसाच असतो. "जेवला का?" "हो." "थंडी?" "आहे." ही गोष्ट वाचल्यावर मी त्याला म्हटलं, फोन राहू दे, मला लिहून पाठव. त्याने सहा पानं पाठवली, सहाही पानं परतवाड्याच्या बैलबाजाराची. ती कॅनडाची म्हणायची की आपली, ते तुम्ही शिकलेले सांगा.

पूर्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. भामरागडच्या सरांचं दोनदा वाचलं, मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर, तुमचं फ्रायचं वाक्य आणि सरांचं त्यावरचं उत्तर, दोन्ही मी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिणार आहे, एकाखाली एक. काकू, तुमची सहा पानं आम्हाला वाचायला मिळाली तर फार आवडेल, मुलाला विचारून पाहा.

या गुरुवारी मन्रोची गोष्ट ठरली. काल रात्री भाकरी करता करता म्हणून पाहत होते. कोल्हे पाळतात हे सांगायला वेळ लागणार, आमच्याकडे कोल्हा म्हणजे वावरात शिरणारा. पण फाटकाच्या जागी अडले. "तिनं फाटक उघडं ठेवलं" म्हटलं तर चुकून राहिल्यासारखं वाटतं. सासूबाई पलीकडे तूर निवडत होत्या, त्यांना सगळा प्रसंग सांगितला. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ठेवलं नाई. सोडलं म्हण. पोरीनं फाटक सोडून देलं."

तेच वाक्य घेणार आहे. झाडीच्या भाऊ, नाटकातला तो कुपनांचा प्रवेश झाडीबोलीत चार पानं जरी लिहून पाठवलात तर त्याच्या पुढच्या गुरुवारी तोच. आमच्याकडे पंधरा बाया नाहीत, सहा आहेत. एकेक जण दोन-तीन जणींचं बोलेल.