सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका

पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) लिनक्ससोबत आलेल्या सिस्टीमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला नकार देऊन अडलं, की 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' (म्हणजे 'सिस्टीमची पॅकेजेस मोडा') हा पर्याय लावून मोकळं व्हा, असा सल्ला काहीजण देतात. तो अजिबात पटला नाही. धोका नावातच लिहिलाय! डेबियन १२ या लिनक्समध्ये (२०२३) ही आडकाठी मुद्दाम घातली, कारण ॲप्ट (सिस्टीमचं स्वतःचं पॅकेज टाकणारं टूल) आणि पिप एकाच पायथनमध्ये पॅकेजेस टाकू लागले की एकमेकांच्या पायात पाय येतात. मी जुन्या लॅपटॉपवर सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिपने एकच पॅकेज टाकलं होतं. त्याने सोबत 'रिक्वेस्ट्स' या पायथन लायब्ररीची नवी आवृत्ती ओढून आणली आणि सिस्टीमचं एक टूल उघडताक्षणी इम्पोर्ट एरर देऊन बंद पडायला लागलं. अख्खी संध्याकाळ गेली.

प्रोजेक्टसाठी व्हेन्व (सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पायथनचं वातावरण) कराच. पण नुसतं कमांड लाइनचं टूल हवं असेल तर पिपएक्स वापरा. ते प्रत्येक टूलला आपोआप स्वतंत्र व्हेन्व करून देतं.