आधी फोरएंड बघा, स्कोप नंतर
ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) उभा पसरतोय म्हणून लगेच स्कोप बदलू नका हो, सिंगल शॉट रायफलमध्ये बऱ्याचदा घोळ फोरएंडचा, म्हणजे स्टॉकच्या बॅरलखालच्या पुढच्या भागाचा असतो, कारण खूप मॉडेल्समध्ये स्टॉक दोन तुकड्यांत आणि पुढचा तुकडा थेट बॅरललाच स्क्रूने धरलेला, मग बॅरल तापलं की दाब बदलतो आणि गोळ्या वरखाली जातात. स्क्रू दरवेळी सारखाच आवळा, टेकूच्या बॅगवर फोरएंडची तीच जागा टेकवा, बॅरल तर अजिबात टेकवू नका. दोन शॉटमध्ये जरा थांबा, तशीही एकेकच गोळी भरायचीय, घाई कसली! .२२ कॅलिबरची रायफल असेल तर काडतुसांचे वेगवेगळे लॉट (बॅच) मारून बघा, ५० मीटरवर फरक दिसतो बऱ्याचदा. फक्त ब्रँड बदलल्यावर पहिले काही शॉट धरू नका, बॅरलमध्ये नव्या गोळ्यांवरचं वंगण बसू दे.