वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरी कोण द्यायचं?

१९८५ साल. रविवारी दुपारी साडेचारला दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचं. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे. दारं सरकवायचा शटरवाला, कृष्णधवल. आम्ही अकरा मुलं सतरंजीवर आणि मोठी माणसं मागे भिंतीला टेकून. सज्जन यांचा पांढऱ्या केसांचा वेताळ अरुण गोविल यांच्या पाठीवर बसून बोलू लागला की कुणी हलायचं नाही.

पण आज चाळीस वर्षांनी मला सगळ्यात जास्त आठवतो तो गोष्ट संपल्यानंतरचा क्षण. वेताळ प्रश्न टाकायचा आणि राजा तोंड उघडण्याआधी आमची खोली बोलायला लागायची. मालकांची सून एक म्हणायची, माझे काका दुसरंच. ही सगळी चर्चा राजाच्या उत्तराआधी उरकायची असे. रामानंद सागरांनी या गोष्टी अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून घेतल्या. त्यानेही त्या जुन्या परंपरेतूनच उचललेल्या. इतकी शतकं त्या टिकल्या त्या या प्रश्नामुळेच, असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतोय. तुमच्याकडे उत्तर कोण द्यायचं? सविस्तर लिहा.

*

जळगावकडून

आमच्याकडे आजी. एका रविवारी प्रश्नाच्या ऐन आधी वीज गेली. आम्ही रडकुंडीला आलो. आजी म्हणाली, रडता कशाला, वेताळ काय टीव्हीतच राहतो का? आणि अंधारात तिने दुसरीच गोष्ट सुरू केली. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांनी आपापली मुंडकी कापून वाहिली. देवी प्रसन्न झाली, बाईला म्हणाली, डोकी धडांना लाव, जिवंत करते. घाईत बाईने अदलाबदल केली. आता तिचा नवरा कोणता?

आम्ही तिघं भावंडं भांडलो. मी म्हणाले, ज्याचे हात तिने लग्नात धरले तो. दादा म्हणाला, ज्याला ती आठवते तो. राजाचं उत्तर दादासारखंच आहे, सगळ्या अवयवांत मस्तक श्रेष्ठ. पुढे कॉलेजात गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' वाचलं, खानोलकरांनी मराठीत आणलेलं. पहिल्या अंकातच मी आजीच्या अंधाऱ्या ओसरीत पोचले. तिथे तर उत्तर देऊनही प्रश्न मिटत नाही. धडाचीही स्वतःची आठवण असते. म्हणजे मी आठ वर्षांची असताना अगदीच चूक नव्हते!

*

वेंगुर्ले तालुक्यातून

माझी अडचण वेगळीच होती. आम्ही आरवलीच्या जवळचे. वेतोबा, म्हणजे वेताळच, हे आमचं दैवत. देवळात त्याची उंच, उभी मूर्ती आहे. लोक नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावात फेरी मारतो, त्या फिरण्याने चपला झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि टीव्हीवर बघतो तर वेताळ झाडाला उलटा लटकलेला, खदाखदा हसणारा! मी घाबरून आजीला विचारलं. ती पडद्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "ह्यो आपलो वेतोबा न्हय. आपलो रातीचो गाव राखता."

तरी तिने मालिका एकदाही चुकवली नाही. प्रश्न आला की ती डोळे मिटायची आणि राजाआधी उत्तर सांगायची. बहुतेक वेळा बरोबर. मुंबईत नोकरीला आल्यावर मित्र वेताळ म्हटलं की भूत समजायचे, तेव्हा मला दरवेळी वेतोबा समजावून सांगावा लागे. अजूनही सांगतो, आणि आवडीने सांगतो.

*

पुण्याहून

थोडक्यात लिहिते. वेताळ टेकडीवर आम्ही रोज खेळायला जायचो. मालिका सुरू झाल्यापासून संध्याकाळी सहानंतर कुणीही एकटं थांबेना. घरी उत्तर कुणीच द्यायचं नाही, बाबा "बघू दे रे" म्हणून ओरडायचे.

*

नागपूरहून

जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, तेव्हा माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. राम दिसताच तो उठून उभा राहिला आणि विचारता झाला, "याच्या पाठीवरचा कुठे गेला?" गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लहरी, अरविंद त्रिवेदी हे सगळे आम्ही आधी विक्रम-वेताळात बघितलेले. आई रामाला हात जोडायची आणि भाऊ कित्येक रविवार वेताळाची वाट बघायचा.

*

सोलापूरहून

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी तोतरा होतो. अजूनही आहे, पण तेव्हा फार. शाळेत वाचनाचा तास आला की पोटात गोळा यायचा. गल्लीत मुलं विक्रम-वेताळ खेळायची. सगळ्यांना वेताळ व्हायचं असायचं, बोलायला तोच. मी मात्र दरवेळी विक्रम मागून घ्यायचो. कारण राजाने गप्प राहायचं असतं, बोलला की हरला. पाठीवर एकाला घेऊन चिंचेपासून हापश्यापर्यंत चालायचं, बस्स. जगात एक खेळ असा होता की ज्यात न बोलणं हा माझा गुण होता.

पण शेवटी प्रश्न यायचाच. आणि ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळतील, ही धमकी. पाठीवरचा मुलगा कानाजवळ वाट बघत थांबायचा. मी अडखळायचो. 'रा', 'रा', 'रा' असं कितीतरी वेळ. कुणी हसायचं नाही, कारण खेळाचा नियमच असा की राजाचं उत्तर पुरं झाल्याशिवाय वेताळाला उडता येत नाही. ते माझ्यासाठी थांबायचे. मग वाक्य पुरं व्हायचं आणि पाठीवरचा "तू बोललास, मी चाललो!" ओरडत चिंचेकडे पळायचा. मला ते ओरडणं फार आवडायचं.

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गोष्ट सांगतो आणि शेवटाच्या आधी थांबतो. उत्तर देणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत वर्गात कुणी बोलत नाही. हा नियम कुठून आला, ते मुलांना माहीत नाही.

*

ठाण्याहून

आमच्याकडे उत्तर आई द्यायची. 'चांदोबा' मासिकात विक्रम-वेताळ वाचून तयार झालेली. खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचं चित्रकार शंकर यांचं ते चित्र तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

मालिका संपल्यावर तिला चैन पडेना. वाचनालयातून तिने वेताळपंचविशी आणली आणि रोज रात्री एक वाचून दाखवली. शेवटची गोष्ट अशी. बाप आणि मुलगा रानात चाललेले. वाटेत दोन बायकांची पावलं दिसतात, एक मोठं, एक लहान. ठरतं की मोठ्या पावलाची बापाने करायची, लहानाची मुलाने. भेटल्यावर कळतं की त्या मायलेकी, आणि मोठं पाऊल लेकीचं. पण शब्द गेलेला. बापाने लेक केली, मुलाने आई. आता दोन्ही जोडप्यांना मुलगे झाले, तर ते एकमेकांचे कोण?

इथे विक्रम गप्प बसतो. त्याला खरंच येत नाही. म्हणून वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो आणि त्याला प्रेत आणायला पाठवणाऱ्या मांत्रिकाचा डाव सांगून टाकतो. मोहीम संपते.

आईने पुस्तक पालथं ठेवलं. माझी पाटी घेतली, चार नावं मांडली, रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. बाबा झोपून गेले. मग ती म्हणाली, "बापाचा नवा मुलगा हा त्या दुसऱ्या पोराच्या बापाचा भाऊ, म्हणून तो काका. आणि ते पोर याच्या आईचं भावंड, म्हणून ते मामा. याने त्याला मामा म्हणायचं, त्याने याला काका."

मी विचारलं, मग वेताळ?

"गेला परत झाडावर," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला होता की मी तिला लगेच दुसरी गोष्ट सांगायला लावली.