पहाटेची सायकल, शहराची न्याहारी: तुमचे अनुभव लिहा

सायकलवरून शहर दाखवायचं आणि वाटेत खाऊ घालायचं, अशा फेऱ्या आता आपल्याकडे बऱ्याच शहरांत निघतात. पहाटे साडेपाच-सहाला जमायचं. सायकल आणि हेल्मेट आयोजकांचं. पुढे वाटाड्या, कुणी रेंगाळू नये म्हणून शेवटी त्यांचाच एक माणूस, आणि तीन-चार तासांत चार-पाच ठिकाणी खाणं.

कुठल्या शहरात गेलात, कोणत्या गल्लीत काय खाल्लंत, पैसे वसूल झाले की नाही, सगळं मोकळेपणाने लिहा. वाटाड्याशिवाय स्वतःच भटकला असाल तरी चालेल. नुसतं 'खूप मजा आली' मात्र नको. सुरुवात मी करते.

मुंबई, कुलाबा ते गिरगाव

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा फेरीत इतिहास ऐकण्यासाठी पैसे देऊ नयेत, तो घरी बसून वाचता येतो. पैसे द्यायचे ते क्रमाचे. कुठे किती वाजता पोचायचं, कुठे अर्धीच प्लेट घ्यायची आणि कुठून कुणाच्या पायात न येता निघायचं, हे ज्याला कळतं तो खरा वाटाड्या.

आमचा तसा होता. त्याने उजाडायच्या आत ससून डॉक गाठला. ही गोदी १८७५ सालची, पण तिथे उभं राहिल्यावर सन-बिन काही आठवत नाही. ट्रॉलरवरून टोपल्या हवेतून धक्क्यावर येतात, खालचा माणूस त्या झेलून पुढे सरकवतो, आणि चार पावलांवर लिलाव सुरू असतो. सायकली बाहेरच लावायला सांगितल्या होत्या, कारण आत जमीन बर्फाच्या पाण्याने निसरडी. मोबाईलही आधीच खिशात टाकायला लावले. तिथे फोटोला मज्जाव आहे आणि काम करणाऱ्या बायकांना ते मुळीच आवडत नाही. बरोबरच आहे.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती कोलंबी सोलणाऱ्या बायकांपाशी. डोकं मोडायचं, पाठीवरून अंगठा फिरवायचा, की टरफल एकीकडे आणि कोलंबी दुसऱ्या पाटीत. नजर हातांकडे नसतेच, ती शेजारणीशी चाललेल्या भांडणात. मी वाटेत उभी राहिले तशी एकजण म्हणाली, "ए बाय, बाजूला हो, पाटी येतेय." सरकले नसते तर मुशी, म्हणजे छोटा शार्क, अंगावर आली असती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हे काही दिसणार नाही. जाणाऱ्यांनी तारखा बघून ठरवा.

तिथून फोर्टचे मोकळे रस्ते. ज्या रस्त्यावर एरवी सिग्नलला जीव जातो तिथे आम्ही दोन-दोनच्या जोडीने गप्पा मारत चाललो होतो. फुटपाथवर पेपरवाले बसून पुरवण्या आत घालत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंगची आहेत, हे वाटाड्याने सायकल न थांबवता सांगितलं. एवढाच इतिहास मला पुरतो.

मग मेट्रो सिनेमासमोरचं कयानी, १९०४ सालचं. ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, आणि चहा. ब्रूनची कड इतकी कडक की चहात बुडवल्याशिवाय दात लावू नये, आणि मस्का लावताना हात आखडलेला नाही. एका प्लेटीत दोघं, असा नियम होता, त्यामुळे गिरगावात मिसळीपर्यंत पोटात जागा उरली. एकूण अंतर दहा-बारा किलोमीटरच्या आसपास. दम लागत नाही. शीट मात्र आपल्या उंचीला लावून घ्या, नाहीतर गुडघे बोलतात.

मुंबई, गिरगावातूनच

ताई, वर्णन छान आहे, पण एक विचारू? जन्म गिरगावात, शाळा गिरगावात, आणि आता पैसे भरून कुणीतरी मला गिरगावात मिसळ खायला घेऊन जाणार? माझ्या आईला सांगितलं तर ती आधी हसेल आणि मग माझा पगार विचारेल.

रविवारी मी आणि माझी मुलगी सायकल काढतो. चौपाटीवरून मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन परत, येताना भुलेश्वरची फूलगल्ली. सकाळी तिथे झेंडूच्या राशी आणि गायींच्या मधून सायकल हातात धरून चालावं लागतं. मुलगी आता चक्क भाव करते. येताना उपमा, शिरा, कधी पियूष. वाटाड्याची फी शून्य.

एक मान्य करतो. ससून डॉकला मी अजून आत गेलेलो नाही. घरात मासे रोज, पण ते येतात कुठून हे बघायला पन्नाशी उलटली तरी मुहूर्त लागलेला नाही.

जुनी दिल्ली

आम्ही डिसेंबरात गेलो होतो. धुकं, हातमोजे आणि सायकलची थंडगार घंटा. चांदनी चौकचा मुख्य रस्ता २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद असतो, म्हणून मला वाटलं पहाटे तर अगदीच सामसूम असेल. उलट आहे! नऊच्या आत माल उतरवायचा असतो, त्यामुळे टेम्पो, हातगाड्या, सायकलरिक्षा सगळे एकाच वेळी. सायकल चालवण्यापेक्षा उतरून ढकलणंच जास्त झालं.

खारी बावलीत, म्हणजे मसाल्यांच्या बाजारात, शिरलो आणि आमचा अख्खा गट एका सुरात खोकायला लागला. मिरचीची पोती. हमाल पाठीवर पोतं घेऊन धावत येतात आणि त्यांना काहीच होत नाही. वाटाड्या आम्हाला गडोदिया मार्केटच्या गच्चीवर घेऊन गेला. तिथून फतेहपुरी मशीद आणि खालचा सगळा चौक दिसतो. नाक गळत असताना बघितलेलं ते दृश्य.

खाणं: शाकाहारी मंडळींना बेडमी पुरी आणि बटाट्याची झणझणीत भाजी, नंतर नागोरी हलवा. बाकीच्यांना जामा मशिदीजवळ रात्रभर शिजलेली निहारी, म्हणजे मांसाचा दाट रस्सा. आणि दौलत की चाट, जी फक्त थंडीत मिळते. नावात चाट असली तरी ती गोड. दुधाचा फेस, वर केशराची छटा आणि खव्याचा चुरा, तोंडात घालेपर्यंत नाहीशी. कणभरसुद्धा पोट भरत नाही, तरी मी दोनदा घेतली.

एक गोष्ट खटकली. आमच्या वाटाड्याने आम्हाला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अगदी अंथरुणाजवळून नेलं, आणि गटातल्या दोघांनी फोटो काढले. माणसं अजून उठायची आहेत आणि आपण हेल्मेट घालून त्यांच्याकडे बघत जातोय. मला मान वर करवेना. नंतर बोलले तर तो म्हणाला, "पाहुण्यांना हेच बघायचं असतं." पहाटेच्या फेरीचं हे दुसरं अंग आहे. वर ससून डॉकवर मोबाईल खिशात टाकायला लावले, तसं सगळीकडे व्हायला हवं.

बंगळुरू

छोटंसंच लिहितो. बसवनगुडी, गांधी बाजार, विद्यार्थी भवन. १९४३ पासूनचं. जाड, बाहेरून कुरकुरीत, तुपाने माखलेला मसाला डोसा. वाढपी एका हातावर डोशांच्या प्लेटींची उतरंड रचून येतो आणि एकही न पाडता टेबलाटेबलाला वाटत जातो. ते बघायलाच अर्धे लोक येत असावेत. शुक्रवारी बंद असतं, तेव्हा शुक्रवारची फेरी घेऊ नका. त्याआधी के. आर. मार्केटात फुलांच्या माळा हाताने मोजून विकतात ते बघा. सायकलला तिथे जागा नाही, लांब लावून या.

कोल्हापूर

आमच्याकडं कसली फेरी आणि कसला वाटाड्या! पण मुंबईचे मेव्हणे आले होते, त्यांना सायकलवरूनच गाव बघायचं होतं, मग मीच वाटाड्या झालो. सायकली शेजारच्या पोरांच्या.

पहिल्यांदा रंकाळ्याला एक वेढा. मग गंगावेशीत दूधकट्टा. म्हैस समोर उभी, धार तिथंच काढायची आणि फेसाळ पेला हातात. मेव्हणे विचारतात, "उकळलेलं नाही का?" म्हटलं, "दाजी, म्हैस उकळत न्हाईत." तालमीतली पोरं एका दमात पेला रिकामा करून गेली, दाजींनी डोळे मिटून अर्धा प्यायला आणि मग उरलेलाही मागितला.

शेवटी मिसळ. पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून ठेवतो, हितं पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस मिळतात, आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यायचा असतो. दुधावर लगेच मिसळ नको असं घरचे म्हणतात. त्यामुळं मधे खासबाग मैदान दाखवलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, खोलगट, चारी बाजूंनी कुस्ती दिसावी असं. तासभर गेला, पोटाला उसंत मिळाली. दाजी आता पुढच्या वेळी सायकल गाडीला बांधून आणणार म्हणतात.

पुणे

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. आमच्या कॉलेजच्या काळात लक्ष्मी रस्त्याला सायकली असायच्या, आता रस्ता ओलांडायलाही सोबत लागते. त्यामुळे पहाटच बरी.

पुण्याची अडचण वेगळी आहे. इथली नावाजलेली मिसळ पहाटे मिळत नाही, ती उघडेपर्यंत ऊन येतं. म्हणून मी उलट करतो. आधी नीरा. केंद्रावर थंडगार पेला घ्यायचा आणि तिथेच संपवायचा. ऊन लागलं की नीरा आंबते, घरी न्यायच्या भानगडीत पडू नये. मग मंडईत भाजीचे ढीग लागताना बघायचे. मग अमृततुल्य. पितळी भांड्यात दूध, साखर, चहा, वेलदोडा सगळं एकत्र उकळतं आणि फडक्यातून गाळलं जातं. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी हा चहा पुण्याच्या अंगवळणी पाडला. शेवट डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का. मिसळ घरी, बायकोच्या हातची. ती हे वाचते, म्हणून नव्हे.

कोलकाता

कोलकात्यात बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी आहे, हे आधी कुणी सांगत नाही. त्यामुळे फेरी गल्ल्याबोळांतूनच होते, आणि ते एका परीने चांगलंच. रविवारी पहाटे तिरेट्टा बाजारात चिनी न्याहारी मिळते: मोमो, वाफवलेले बन, फिश बॉलचं सूप. तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबांतली मंडळी घरून करून आणतात. साडेआठला गेलात तर रिकामी भांडी बघाल. मग हावडा पुलाखालचा फुलबाजार आणि कचुरी-तरकारी. वाटाड्या हवाच इथे, मला तर दिशाच कळत नव्हत्या.

नाशिक, एका वाटाड्याकडून

सगळं वाचलं. मी स्वतः अशा फेऱ्या नेतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

लोक पहिल्या थांब्यावर सगळ्यात जास्त खातात. भूक असते, उत्साह असतो, आणि पुढे काय आहे ते माहीत नसतं. म्हणून मी पहिला थांबा चहाचाच ठेवतो. तिखट सगळ्यात शेवटी. नाशिकची मिसळ पापड, दही आणि कधी जिलबी घेऊन येते, तिच्यानंतर कुणाला सायकल चालवायची इच्छा राहत नाही. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवतो, तरी रोजच्या गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या गटाला वाढू नका असंही सांगतो. सकाळी कामावर निघालेल्या माणसाचे पोहे आमच्यामुळे अडले तर दुकानदार दोनदा हसून घेईल, तिसऱ्यांदा नाही.

निघण्याआधी मी प्रत्येकाचे ब्रेक स्वतः दाबून बघतो. चौकात सगळे जमल्याशिवाय ओलांडत नाही. पहाटे रहदारीपेक्षा कुत्र्यांचा त्रास जास्त. अंगावर आलं तर जोरात पळवू नका, उतरा आणि सायकल मधे धरा.

पावसाळ्यात गोदाघाट टाळतो. पूर किती आला हे आमच्याकडे दुतोंड्या मारुतीवरून बघतात, पाणी मूर्तीच्या कुठवर लागलं त्यावर. छातीपर्यंत पाणी असताना पाहुणे म्हणतात, "थोडं जवळून बघूया ना." त्या दिवशी मी सरळ मिसळीकडे वळवतो.

दिल्लीच्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे. घाटावर क्रियाकर्म चाललेलं असतं, तिथून मी गट लांबून नेतो आणि बोलतही नाही. मागून एखादा विचारतोच, "इथे का नाही थांबलो?"

इंदूर

सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं सगळ्यांना माहीत, सकाळचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. राजवाड्याच्या आसपास सात वाजता सायकल लावायची. इंदुरी पोहे गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे शेवटच्या प्लेटीपर्यंत मऊ राहतात. त्यात बडीशेप, वरून शेव, कांदा, लिंबू आणि जिरावण, म्हणजे इथला चटपटीत कोरडा मसाला. बाजूला जिलबी. माझे सासरे नागपूरचे, ते तर्री नसलेल्या पोह्यांना पोहेच म्हणत नाहीत. त्यांना इथल्या गाड्यावर उभं केलं, तर त्यांनी आधी रस्सा मागितला. गाडेवाला म्हणाला, "काकाजी, उसळ डालूँ?" त्यावर तह झाला.

जिरावण घरी न्यायचं असेल तर आधी हातावर घेऊन चाखा. प्रत्येक दुकानाचं तिखट वेगळं असतं, आणि बॅगेत ठेवताना दोन पिशव्या घाला.